पत्र्याच्या डब्यातली यात्रा



गेल्या दिवाळीच्या आधी पोटमाळा आवरताना बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा हाती लागला. झाकण गंजून घट्ट बसलेलं. उलथन्याच्या टोकाने उचकटलं, तर आत मामंजींचा चष्मा, पोस्टाची दोन रिकामी पासबुकं, फोटो स्टुडिओचं एक खाकी पाकीट आणि कागदी पट्टीने बंद केलेली फिल्मची एक गुंडाळी. पाकिटात निगेटिव्हच्या कापलेल्या पट्ट्या होत्या. दोन रोलच्या, म्हणजे चोवीस फोटोंच्या. तिसरा रोल काढलेला होता, पण कधी धुतलाच नव्हता.

डबा उघडल्यावर पहिल्यांदा वास आला तो व्हिनेगरसारखा आंबट. मला वाटलं, शेजारी ठेवलेलं काही सांडलं असेल. पण तो वास फिल्मचाच होता. जुनी फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची असते. दमट उष्ण हवेत ती हळूहळू विघटित होते आणि त्यातून ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, बाहेर पडतं. एकदा हा वास सुरू झाला की फिल्म आखडते, वाकडी होते आणि शेवटी तिचे पापुद्रे निघतात. पट्ट्यांवर बुरशीचे नाजूक जाळेही होते. म्हणजे घाई करायला हवी होती.

आमचं गाव कृष्णाकाठी, सांगलीजवळ. २०१९च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी आमच्या खालच्या खोल्यांत शिरलं, तेव्हा कपाटातले दोन अल्बम गेले. फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवायला गेलं की चेहराच निघून यायचा. पोटमाळ्यावरचा हा डबा वाचला तो केवळ कुणाला त्याची आठवण नव्हती म्हणून.

काचेवरची फिल्म आणि वहीतले रकाने

स्कॅन कसं करायचं हे नातीने शिकवलं. साधा कागदाचा स्कॅनर चालत नाही, फिल्मला मागून उजेड लागतो. तिच्या ओळखीतून तसा स्कॅनर महिनाभर मिळाला. निगेटिव्ह कडेने धरायची, हातात सुती मोजे, धूळ मऊ ब्रशने झटकायची, पाणी लावायचं नाही.

मी बी.कॉम., हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. या फिल्मवरचा फोटो चौकोनी, प्रत्येक बाजू साधारण ५६ मिलिमीटर. एका इंचात २४०० ठिपके या मापाने स्कॅन केलं तर एका बाजूला सुमारे ५३०० ठिपके, म्हणजे एका फोटोत जवळपास २ कोटी ८० लाख. एकेक फाइल ५६ एमबीची झाली. आमच्या लग्नाचा सगळा अल्बमसुद्धा एवढा तपशील देत नाही! मामंजींनी शाळेतल्या सहशिक्षकांकडून मागून नेलेला साधा आग्फा क्लिक थ्री, ज्यात ऊन की ढग एवढंच ठरवायचं असे, त्यातून एवढं निघेल असं वाटलं नव्हतं.

मग मी एक वही आखली. रोल क्रमांक, फोटो क्रमांक, जागा, माणसं, कोणी ओळखलं आणि शेवटचा रकाना 'खात्री'. ज्याला पुरावा आहे त्यापुढे टिक, नुसत्या अंदाजापुढे प्रश्नचिन्ह. चोवीसपैकी तीन फोटो एकावर एक पडून वाया गेले होते. एकवीस वाचता आले.

श्रवणबेळगोळ लगेच ओळखू आलं. विंध्यगिरीच्या खडकात कोरलेल्या पायऱ्या, माथ्यावर बाहुबली भगवंतांची ५७ फुटांची मूर्ती आणि तिच्याभोवती अभिषेकासाठी बांधलेली परांची. घरात सगळे म्हणाले, हे १९८१चं. मूर्तीला हजार वर्षं पूर्ण झाली तो महामस्तकाभिषेक, २२ फेब्रुवारी १९८१चा. त्या वर्षी घरचे सगळे गेले होते ही गोष्ट आमच्याकडे पाठच आहे. मीही वहीत १९८१ लिहिलं. पण खात्रीच्या रकान्यात टिक करायला हात होईना.

कारण पायऱ्यांवर अर्ध्या चड्डीतला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा उभा होता, आणि तो आमचे हे होते. यांचा जन्म १९५७चा. १९८१ला हे चोवीस वर्षांचे, मिशा राखलेले! मग आधीचे अभिषेक पाहिले. १९८१च्या आधीचा १९६७चा, ३० मार्चला. त्याच्या आधीचा १९५३चा. फिल्मच्या कडेला बारीक अक्षरांत 'ओर्वो' छापलं होतं. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनच्या कारखान्याने हे नाव १९६४ पासून लावलं. म्हणजे १९५३ बाद. शिवाय एका फोटोत स्टेशनची पाटी दिसते, अर्सीकेरे. १९८१ला घरची मंडळी बसने गेली होती. मिरजेहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या त्या वेळच्या मीटर गेजच्या गाडीने अर्सीकेरेला उतरून पुढे मोटारीने जाणं हे आधीच्या यात्रेचंच. बायका पदराने वारा घेताहेत, अनवाणी पाय चटका बसल्यासारखे उचलताहेत, हेही मार्चअखेरीच्या उन्हाशी जुळतं. मग १९८१ खोडून १९६७ लिहिलं आणि टिक केली.

बर्फातले रोल आणि मोहरीची गोष्ट

न धुतलेल्या तिसऱ्या रोलला हात लावायच्या आधी मी थोडं वाचलं. मैत्रिणींनो, एक गोष्ट वाचून तर मी रात्रभर जागी होते.

११ जुलै १८९७ रोजी सालोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नुट फ्रेंकेल हे तीन स्वीडिश पुरुष स्पिट्सबर्गेनजवळच्या एका बेटावरून फुग्यात बसून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला. अडीच-तीन महिने ते बर्फावर राहिले आणि क्वितोया नावाच्या ओसाड बेटावर मरण पावले. जगाला काहीच कळलं नाही. तेहतीस वर्षांनी, ऑगस्ट १९३०मध्ये एका नॉर्वेजियन जहाजावरच्या लोकांना त्यांचा तळ सापडला. त्यात स्ट्रिंडबर्गने काढलेले रोल होते. स्टॉकहोममधल्या जॉन हर्ट्झबर्ग यांनी ते अतिशय जपून धुतले. सुमारे २४० फोटोंपैकी ९३ वाचले. बर्फावर कलंडलेला फुगा आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसं त्यात दिसतात. स्ट्रिंडबर्गचं लग्न ठरलेलं होतं. त्याच्या वाग्दत्त वधूने ते फोटो पाहिले तेव्हा तिचं सारं तारुण्य मागे पडलं होतं.

बर्फाने ते रोल राखले. आपल्याकडे बर्फ नाही, पावसाळा आहे. फिल्मवर चांदीचे क्षार जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात. पावसाळ्यात जिलेटिन ओलावा धरतं आणि बुरशीला ते आयतं अन्न होतं.

जिलेटिन म्हटल्यावर तुमच्याही मनात आलं असेलच. आपण औषधाची कॅप्सूल घेतानाही विचारतो, मिठाई घेताना डब्यावरचं वाचतो. हे जिलेटिन गुरांच्या हाडा-कातड्यांपासूनच येतं. म्हणजे आपल्या लग्नांचे, पंचकल्याणकांचे, मुनिराजांच्या विहाराचे सगळे जुने फोटो त्याच थरावर उमटलेले आहेत. वाचून मी स्कॅनर बंद करून तासभर बसून राहिले. आणखी एक नवल कळलं. १९२०च्या दशकात कोडॅकचे शास्त्रज्ञ सॅम्युअल शेपर्ड शोधत होते की काही जिलेटिनने फिल्म उजेडाला जास्त तीव्र का होते. उत्तर निघालं, त्यात मोहरीच्या तेलात असतात तशा गंधकयुक्त द्रव्यांचा अंश असतो. गुरांनी मोहरीसारख्या वनस्पती खाल्लेल्या असतात, तिथून तो येतो. आपल्या फोडणीतली मोहरी कुठे पोहोचली बघा!

माझ्या मनाचं समाधान कुठल्याही युक्तिवादाने झालेलं नाही. मामंजींना हे माहीत नव्हतं, मला आता आहे. पण जे घडून गेलं ते डब्यात कुजू दिल्याने कुठल्याही जिवाचं भलं होणार नव्हतं. नवी फिल्म मी विकत घेणार नाही. जुनी आहे तिच्यातलं उतरवून घेईन. इतकंच ठरवलं आणि पुन्हा कामाला लागले.

तिसरा रोल

गावात पूर्वी स्टुडिओ चालवणारे एक काका आहेत, आता ऐंशीच्या पुढचे. त्यांनी रोल हातात घेऊन कागदी पट्टी पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, उघडला नाहीत हे बरं केलंत. फार आशा ठेवू नका." पंधरा दिवसांनी त्यांनी बोलावलं. अंधाऱ्या खोलीत त्यांनी स्वतः रसायनं कालवून रोल धुतला होता. बारापैकी आठ नुसते करडे. चार फोटोंत काही दिसत होतं, धुक्यातून दिसावं तसं. मागच्या कागदावरचे आकडेही इतक्या वर्षांत फिल्मवर उमटले होते.

सातव्या फोटोत आभाळात मोठा ७चा आकडा आहे. त्याखाली खडकावर एक बाई बसली आहे. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, वाऱ्याने डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. शेजारचा मुलगा तिचा हात ओढतो आहे आणि ती डोळे मिटून हसते आहे.

त्या आत्याबाई होत्या.

आत्याबाई म्हणजे मामंजींची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी वैधव्य आलं आणि भावाच्या घरी परत आल्या. पहाटे उठून पाणी गाळणं, चूल, म्हैस, पापड-सांडगे, आमच्या घरातल्या सगळ्या बाळंतपणांचं त्यांनीच केलं. त्या १९९१ला गेल्या. आमच्या बैठकीच्या भिंतीवर सगळ्यांच्या तसबिरी आहेत, त्यांची नाही, कारण त्यांचा फोटोच नव्हता. लग्नमुंजीत फोटो काढायची वेळ आली की त्या आपसूक आत निघून जायच्या. आणि घरात सांगायची पद्धत अशी, की आत्याबाईंनी कधी उंबरा ओलांडला नाही. सगळे गोमटेश्वराला गेले तेव्हासुद्धा त्या घर राखायला मागे राहिल्या.

मी १९८३ला या घरात सून म्हणून आले. १९८१चा अभिषेक मी माहेरच्यांबरोबर पाहिला होता, वीस वर्षांची असताना. पंतप्रधान इंदिरा गांधी आल्या होत्या, हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी झाली, ते सगळं मनात ताजं होतं. संध्याकाळी जेवणं लवकर उरकली की मी आत्याबाईंना रंगवून सांगायची. मूर्ती केवढी, पायऱ्या किती उभ्या, कलश कसे ओततात, दुधाची धार खांद्यावरून कशी उतरते. त्या तांदूळ निवडत ऐकायच्या. मधूनच विचारायच्या, "आणि पायाशी वारुळं दिसतात का गं?" "वर वारा फार असतो का?" मी उत्साहाने उत्तरं द्यायची. मनात म्हणायची, बिचाऱ्यांनी काही पाहिलं नाही, निदान माझ्या डोळ्यांनी पाहू देत.

आणि हा फोटो! त्यांनी सगळं पाहिलं होतं. माझ्या चौदा वर्षं आधी. तोच वारा त्यांच्या पदरात दिसतो आहे. एकदाही म्हणाल्या नाहीत, "अगं, मी जाऊन आले आहे."

जमा आणि नावे

एका फोटोवरून उडी मारायची नाही असं मी स्वतःला बजावलं. पलीकडच्या गल्लीत अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक मावशी आहेत, त्यांच्याकडे फोटो घेऊन गेले. त्यांनी डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, "गेलती की ती! आम्ही दोघी एकाच डब्यात हुतो. तुझी सासू ऱ्हायली हुती त्या वक्ताला, बाळंतीण हुती."

घरी येऊन वही उघडली. पंचवीसच्या पंचवीस फोटो पुन्हा पाहिले. सासूबाई एकाही फोटोत नाहीत. माझ्या धाकट्या नणंदेचा जन्म १९६७च्या फेब्रुवारीतला. म्हणजे अभिषेकाच्या वेळी घरात जेमतेम दीड महिन्याचं बाळ. हिशेब असा जुळला. १९६७ला सासूबाई राहिल्या आणि आत्याबाई गेल्या. १९८१ला आत्याबाई राहिल्या आणि सासूबाई गेल्या. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, "आत्याबाईंमुळे मला दर्शन घडलं." आम्हाला तो त्यांचा नम्रपणा वाटायचा. तो हिशेब होता, आणि दोन्ही बाजू बरोबर जुळत होत्या.

मग घरात उलटी गोष्ट कशी रुजली? मला वाटतं, कोणी मुद्दाम खोटं सांगितलं नाही. १९८१ची यात्रा सगळ्यांच्या लक्षात राहिली, आधीची पुसट झाली. विधवा बाई घर राखते हे ऐकायला सवयीचं, म्हणून तेवढंच टिकलं. सवयीची गोष्ट असली की तिला कुणी पुरावा मागत नाही.

आपण सगळ्या जाणतो, विंध्यगिरीवर गुळ्ळकायज्जीची मूर्ती आहे. चावुंडरायांचा अभिषेक पुरा होईना आणि त्या म्हातारीच्या एवढ्याशा भांड्यातल्या दुधाने तो पुरा झाला, ही कथा. मूर्तीच्या पायाशी चावुंडरायांनी ती करवली असं सांगणारा लेख आहे, तोही मराठीत. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तो गणला जातो. दरवेळी तिथे उभं राहून मला मराठी असल्याचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, राजाच्या सेनापतीचं नाव दगडावर राहतं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांचं नाव राखायचं तर ते आपणच लिहायला हवं.

दाखवायचं कुणाला?

एकवीस फोटोंपैकी यात्रेकरूंचे नऊ फोटो मी आमच्या गावच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. दोन दिवसांत चौदा चेहरे ओळखले गेले. इचलकरंजीला दिलेल्या एका बाईंनी फोन केला. त्यांच्या आईचे सगळे फोटो पुरात गेले होते. स्टेशनवर ट्रंकेवर बसलेली आई त्यांना या फोटोत सापडली. फोनवर आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही.

आत्याबाईंचा फोटो मात्र मी टाकला नाही. आधी नणंदेला दाखवला. ती आधी रडली, मग म्हणाली, "वहिनी, हा बाहेर नको. आत्या जन्मभर डोक्यावरचा पदर पडू न देणारी. तिला विचारलं असतं तर नाही म्हणाली असती." मला वाटत होतं, इतकं सुंदर हसू जगाने पाहावं. आमची थोडी वादावादीही झाली.

तेव्हा मला व्हिव्हियन मायर आठवली. शिकागोत दुसऱ्यांची मुलं सांभाळून पोट भरणारी बाई. तिने लाखाहून अधिक फोटो काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. कितीतरी रोल तर धुतलेही नव्हते. २००७मध्ये तिच्या भाड्याच्या गोदामातलं सामान लिलावात गेलं, २००९ला ती वारली, आणि त्यानंतर ती जगप्रसिद्ध झाली. पुढे त्या फोटोंच्या हक्कावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. फोटो खरोखर थोर आहेत. पण तिला कुणी विचारलं नाही, ही गोष्ट राहतेच.

म्हणून नणंदेचं मी ऐकलं. फोटो या लेखाबरोबर नाही, आणि तुम्ही मागू नका. त्याची एक मोठी प्रत काढून बैठकीत लावली आहे, मामंजी आणि सासूबाईंच्या मधे. आभाळातला ७चा आकडा पुसून देतो असं नातू म्हणत होता. मी म्हटलं राहू दे, तो त्या फिल्मचाच आहे. खाली नाव आणि 'श्रवणबेळगोळ, मार्च १९६७' एवढं लिहिलं आहे. घरी येणाऱ्या बायका विचारतात, मग मी सगळी गोष्ट सांगते. क्षमावाणीच्या दिवशी यंदा मी पहिली क्षमा त्यांच्यासमोर उभी राहून मागितली. आठ वर्षं त्यांच्याजवळ बसून मी एकटीच बोलत राहिले, त्यांना विचारायचं मात्र सुचलं नाही.

तुमच्याकडेही माळ्यावर असे डबे असतील. एवढं करा. न धुतलेला रोल उजेडात उलगडू नका. निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून साध्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. आंबट वास येणाऱ्या पट्ट्या इतरांपासून वेगळ्या करा आणि आधी त्याच स्कॅन करा. घरी पाण्याने धुवायला जाऊ नका. फाइलच्या दोन प्रती करा, एक लेकीच्या घरी ठेवा. आणि सगळ्यात आधी, घरातलं सर्वांत वयस्क माणूस असेल त्याच्याशेजारी वही घेऊन बसा आणि प्रत्येक चेहऱ्याचं नाव विचारा. फिल्म एकवेळ थांबेल. आमच्या मावशी परवा म्हणाल्या, "अजून चार नावं सांगायची ऱ्हायलीत, लवकर ये."

उद्या सकाळीच जाते आहे.

जय जिनेंद्र.